सदाफुलीचा हिशेब



मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेली एक सून माझ्याकडे आली. तिच्या घरापुढे चार हात अंगण आहे आणि दिवसभर कडक ऊन. तिने विचारले, "काकू, अशी फुलझाडं सांगा की एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतील, उन्हात जळणार नाहीत आणि रोज त्यांच्यामागे फिरावं लागणार नाही." मी लगेच म्हटले, "सदाफुली लाव." ती हसली. "काकू, ती तर गटाराच्या कडेलापण उगवते. पैसे देऊन काहीतरी चांगलं आणते मी."

मला राग आला नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले होते, आणि तेही माझ्या सासूबाईंच्या तोंडावर. त्या एका झाडाने मला पुढे जे शिकवले ते आज सविस्तर लिहिते. त्यात इतिहास आहे, थोडा हिशेब आहे आणि आपला धर्मही आहे.

१९८३ साली लग्न होऊन मी संगमनेरला आले. माझे माहेर नाशिककडचे, देरावासी. देवाला ताजी फुले वाहायची, अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा करायची, ही लहानपणापासूनची सवय. सासर स्थानकवासी. घरात मूर्ती नाही, म्हणून फूल तोडायचे कारणच नाही. सासूबाईंना आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो. बाईंच्या अंगणात फुले होती, पण ती झाडावरच असायची. खाली पडलेली फुले त्या वेचून तुळशीच्या बुंध्याशी ठेवत. षट्लेश्येच्या चित्रातला जांभळाचा वृक्ष आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सहा भुकेले प्रवासी, एक झाड मुळासकट तोडू म्हणतो, एक फांदी, एक डहाळी, आणि शेवटचा म्हणतो, खाली पडलेली जांभळे आहेत तेवढी पुरेत. बाईंना पाहिले की मला तो शेवटचा प्रवासी आठवायचा.

संगमनेर प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचे गाव. नदी आहे म्हणून बाहेरच्यांना वाटते की इथे पाणीच पाणी असणार. पण आपला भाग पर्जन्यछायेचा. पाऊस पडतो तो वर घाटमाथ्याला, भंडारदऱ्याकडे. आपल्याकडे ढग येतात आणि निघून जातात. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या बायका पाण्याचा तांब्या अजूनही दोन हातांनी धरतात. बाई त्यातल्याच. तांदूळ-डाळीचे धोवन, भाजी धुतलेले पाणी, एवढेच झाडांच्या वाट्याला. नळाचे पाणी झाडांना घालायचे नाही, हा घरचा कायदा.

त्या पाण्यावर बाईंच्या अंगणात पाच झाडे होती. कुंपणाला बोगनवेल, कोपऱ्यात कण्हेर, दाराशी जास्वंद, भिंतीलगत काटेरी कोरांटी, आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-पांढरी सदाफुली. निशिगंध, कर्दळ, डेलिया त्या लावत नसत. त्यांचे कंद उकरून वेगळे करावे लागतात आणि कंद म्हणजे अनंतकाय. गुलबक्षीची मुळेही कंदासारखी फुगतात, म्हणून तीही नाही. मला तेव्हा हे अति वाटायचे. मी नवी नवरी, बी. कॉम. झालेली, मला अंगणात गुलाब हवे होते.

पहिल्याच हिवाळ्यात मी गुलाबाची सहा रोपे आणली. पहिला बहर खरेच सुंदर आला. मग कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. दुकानदाराने औषध दिले. मी तोंडाला फडके बांधून संध्याकाळी फवारले. सकाळी पाहिले तर मावा गेला होता, पण त्याबरोबर मुंग्या मरून पडल्या होत्या आणि गुलाबाच्या मातीवर तीन मधमाश्याही. बाई अंगणात आल्या, वाकून पाहिले, एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी जेवायला बसलो तेव्हा कळले की त्यांनी त्या दिवशी एकासणे धरले आहे. मला कोणी रागावले असते तर बरे वाटले असते. गुलाब पुढे उन्हाळ्यात वाळून गेले. मी पुन्हा आणले नाहीत.

तेव्हा मी पहिल्यांदा बाईंच्या पाच झाडांकडे नीट पाहिले. त्यांना औषध लागत नव्हते, खत लागत नव्हते, पाणी नावापुरते लागत होते. आणि ती बाराही महिने फुलत होती. ही झाडे निवडण्यात अडाणीपणा नव्हता, विचार होता. आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत आठवे व्रत अनर्थदंड विरमण आहे. विनाकारण होणारी हिंसा टाळायची. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही, पण जिच्यावाचून चालते ती तरी करू नये. बाईंची बाग त्या व्रताप्रमाणे लावलेली होती.

मला पुढे या झाडांची मुळे कुठली, हे शोधायचा नादच लागला. वाचनालयातली पुस्तके, मासिके, मुलांची विज्ञानाची पुस्तके, जे मिळेल ते वाचले. आणि थक्क झाले. आपल्या अंगणातली, देवळातली, गजऱ्यातली किती फुले मुळात आपली नाहीतच!

दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारात शेकडो वर्षांचा वाटणारा पांढरा खुरचाफा मध्य अमेरिका आणि कॅरेबियन बेटांकडचा. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधूच्या नावावरून पडले. तो वनस्पतींचा अभ्यासक होता आणि १७०४ साली वारला. गुलबक्षीही अमेरिकेकडचीच, तरी तिच्या नावात फारसी 'गुल' येऊन बसले आहे. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला आणि पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले. त्यानंतर जहाजांतून मिरची, काजू, अननस, पेरू आले. अशाच समुद्रवाटांनी पुढच्या काळात फुलांची बियाणेही देशोदेशी पसरली. दोनतीन पिढ्या गेल्या की लोक विसरतात. फूल देवाच्या पायाशी गेले की त्याला कोणी गाव विचारत नाही.

बोगनवेलीची गोष्ट तर बायकांनी मुलींना सांगावी अशी आहे. लुई आंत्वान द बूगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्याबरोबर एक 'मदतनीस मुलगा'. १७६७ साली ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोजवळ त्यांना ही रंगीत वेल मिळाली आणि तिला कप्तानाचे नाव दिले गेले. तो मदतनीस मुलगा मुळात मुलगा नव्हताच. ती जान बारे नावाची स्त्री होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून पुरुषाच्या वेषात चढलेली. रिओमध्ये कॉमेर्सोंच्या पायाला दुखणे होते, त्यामुळे ती वेल प्रत्यक्षात बारेनेच आणली असावी असे काही अभ्यासक मानतात. पृथ्वीला वळसा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. पण वेलीला नाव कप्तानाचे. आपण ज्याला बोगनवेलीचे फूल म्हणतो तो रंगीत कागदासारखा भाग म्हणजे पाने असतात. खरे फूल त्यांच्या मधोमध, पांढरे, इवलेसे, कोणाच्या लक्षात न येणारे. जान बारेची गोष्ट वाचल्यापासून मी ते पांढरे फूल आवर्जून पाहते.

इंग्रजांच्या काळात अशा परदेशी झाडांना इथे रुळवण्यासाठी बागा उभ्या राहिल्या. १८३० साली अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. मुंबईत शिवडीला तिची बाग होती. पुढे १८६५च्या सुमारास ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन आजही याच नावाची सोसायटी चालवते आणि दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, तिथे पुष्पप्रदर्शन भरते. आमच्या संगमनेरहून पुणे लांब नाही. मीही दोनदा गेले आहे. तिथे बक्षीस मिळवणाऱ्या कुंड्यांत शेवंती होती, गुलाब होते, डेलिया होते. आपली सदाफुली मात्र प्रवेशद्वाराजवळच्या वाफ्यात मुकाट उभी होती.

आता तिची गोष्ट. सदाफुली मूळची मादागास्करची. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरातले मोठे बेट ते. अठराव्या शतकात तिचे बी फ्रेंचांकडून पॅरिसच्या राजउद्यानात पोहोचले. तिथून ते लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानाचा मुख्य माळी फिलिप मिलर याच्याकडे गेले. त्याने १७५७च्या सुमारास ती वाढवली. १७५९ साली लिनियसने तिला 'विंका रोझिया' असे नाव दिले. बऱ्याच काळाने शास्त्रज्ञांना कळले की ही विंका प्रजातीतली नाही. मग तिचे नाव बदलून 'कॅथरँथस' ठेवण्यात आले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शुद्ध, निर्मळ फूल. हे वाचले तेव्हा मला बाईंची आठवण झाली.

युरोपातल्या थंडीत तिला काचघरात जपावे लागे. उष्ण देशांत मात्र तिला कोणी जपावेच लागले नाही. बी पडले की उगवली. उन्हात फुलली. दगडाच्या फटीत, समुद्राकाठच्या वाळूत, रेल्वेच्या रुळांकडेला. गुरे-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत कारण पाने कडू. आपल्या देशात तिला गावोगाव नावे मिळाली. आपण सदाफुली म्हणतो, गुजराती बारमासी, हिंदीत सदाबहार, बंगालीत नयनतारा. तमिळमध्ये तिचे एक नाव नित्यकल्याणी आणि दुसरे 'सुडुकाट्टु मल्लि', म्हणजे स्मशानातला मोगरा. ज्या कबरीवर पाणी घालायला कोणी येत नाही तिथेही ती फुलते, म्हणून. एकाच फुलाला एका भाषेत कल्याणी आणि स्मशानातली, अशी दोन्ही नावे. दोन्ही खरी ठरली.

अनेक देशांत लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली कॅनडातले निवृत्त डॉक्टर क्लार्क नोबल यांना त्यांच्या जमैकातल्या एका रुग्णाने पाकिटातून सदाफुलीची पंचवीस पाने पाठवली. तिकडे लोक याचा चहा पितात, तपासून पाहा, असा निरोप. क्लार्क यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांना दिली. ते वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधक होते. त्यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर कमी झाली नाही. मग अर्क टोचला. उंदीर आजारी पडून मेले. रक्त तपासले तर त्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आलेल्या. दुसऱ्या कोणी हा प्रयोग फसला म्हणून सोडून दिला असता. नोबल यांनी उलट विचार केला. जे औषध पांढऱ्या पेशी कमी करते, ते ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे उपयोगी पडेल का? असा आजार म्हणजे रक्ताचा कर्करोग. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी त्या पानांतून औषधी द्रव्य वेगळे काढले आणि १९५८ साली दोघांनी ते जगापुढे मांडले. त्याच काळात अमेरिकेतली एलाय लिली ही कंपनीही याच झाडावर काम करत होती. तिथून आणखी एक द्रव्य निघाले, व्हिंक्रिस्टिन. १९६३ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पेशी एकाची दोन होताना आत बारीक धाग्यांची एक चौकट उभी राहते. हे औषध ती चौकट उभी राहू देत नाही, म्हणून वेगाने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबते.

हा इतिहास मी नुसता पुस्तकात वाचला असता तर लिहिलाही नसता. पण १९८८ साली तो आमच्या घरात आला.

आमच्या नात्यातला पाच वर्षांचा मुलगा. ताप जाईना, अंगावर निळे डाग. रक्त तपासले आणि रक्ताचा कर्करोग निघाला. त्या काळी हा शब्द ऐकला की घरातले लोक आवाज खाली करून बोलत. शेजारची एक बाई तर म्हणाली, आता मुंबईला नेऊन पैसा कशाला घालवता. त्याच्या आईने काही ऐकले नाही. मुलाला घेऊन ती मुंबईला गेली. मी आठ दिवस तिच्या सोबतीला होते. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी बाटलीतले रंगहीन औषध दाखवून सहज सांगितले, "हे तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून येतं."

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८४ साली मुलांच्या या आजारासाठी एक नवी औषधयोजना सुरू झाली होती, हे मला पुढे वाचनातून कळले. 'एमसीपी-८४१' तिचे नाव. दिल्लीच्या एम्स आणि चेन्नईच्या कर्करोग संस्थेतही ती वापरली गेली. तिच्यात अनेक औषधे होती आणि त्यांत व्हिंक्रिस्टिन होते. त्याआधी आपल्या देशात अशा पाच मुलांतले जेमतेम एखादे वाचायचे. या योजनेनंतर बरीच अधिक मुले वाचू लागली. हे काही एकट्या सदाफुलीचे श्रेय नाही. पण तिच्याशिवाय ते झाले नसते.

मी घरी परतले आणि बाईंना सांगितले. त्या पायरीवर बसल्या होत्या, बाजूला सदाफुली. मला वाटले, त्या खूश होतील. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, "किती पानं लागत असतील गं त्या एका सुईला?"

मला उत्तर येत नव्हते. मी कॉमर्सची. पण प्रश्न हिशेबाचा होता आणि तो माझ्या डोक्यातून गेला नाही. काही वर्षांनी एका मासिकात आकडे मिळाले आणि मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. एका वेळच्या इंजेक्शनात जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम औषध असते. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम, म्हणजे अशी ५०० इंजेक्शने. ५०० किलो पाने, ५०० इंजेक्शने. एका सुईला साधारण एक किलो वाळलेली पाने. लहान मुलाला मात्रा त्याहून कमी, पण सुया अनेक.

बाईंना ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "वाळलेली एक किलो. म्हणजे ओली किती!" मग त्यांनी सदाफुलीकडे वळून हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं."

मी विचारले, "बाई, मग ते औषध घेतलं हे चुकलं का?"

"नाही गं. पोर वाचलं. पण आपण कोणाचं घेतलंय ते माहीत असावं." थोडे थांबून म्हणाल्या, "तुझ्या गुलाबासाठी मेले ते मिरवण्यासाठी मेले. हे घेतलं ते वाचवण्यासाठी. दोन्ही एकाच खात्यात लिहू नकोस."

मला वाटते, अर्थदंड आणि अनर्थदंड यांतला फरक त्या दिवशी मला जितका कळला तितका कोणत्याही व्याख्यानात कळला नव्हता. वनस्पतिकायात जीव आहे, एकेंद्रिय का होईना, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ऐकून ऐकून ते वाक्य गुळगुळीत होते. त्या मुलाच्या रक्तातून किलो-किलो पाने गेली, हे आकड्यात समोर आले तेव्हा मला ते वाक्य खरे वाटले. तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे, त्याला दोन मुली आहेत. संवत्सरीला तो सगळ्यांची क्षमा मागायला येतो, तेव्हा आमच्या पायरीशी थांबून सदाफुलीलाही हात जोडतो. त्याच्या मुली हसतात. मी त्यांना ही गोष्ट सांगितली आहे.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. सदाफुली मादागास्करची. तिच्यापासून औषध करून कंपन्यांनी पैसा मिळवला, पण त्या बेटावरच्या गरीब लोकांच्या पदरात त्यातले काही पडले नाही. अशा उदाहरणांवरून जगात वाद झाला. १९९२ साली रिओ द जानेरोच्या वसुंधरा परिषदेत जैवविविधतेचा करार पुढे आला. झाड ज्या देशाचे, त्या देशाचाही फायद्यात वाटा असावा, हे त्यात मान्य झाले. आपल्याकडेही २००२ साली जैवविविधता कायदा झाला. योगायोग पाहा, ज्या रिओजवळ जान बारेने बोगनवेल खुडली असेल, त्याच गावी अडीचशे वर्षांच्या आत हा करार झाला. आपल्या भाषेत हा अचौर्याचाच विषय आहे. न दिलेले घेऊ नये, आणि घेतले तर ज्याचे आहे त्याला विसरू नये.

आता ज्या मैत्रिणींना लावायची आहे त्यांच्यासाठी बाईंची रीत सांगते.

सदाफुलीला किमान सहा तास ऊन हवे. सावलीत ती जगते, पण फुलत नाही, नुसती उंच वाढून कलते. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि सदाफुली मरते ती बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच. म्हणून मातीत वाळू आणि विटांचा चुरा मिसळा, कुंडीचे भोक मोकळे ठेवा. बोट घालून पाहा, माती वर कोरडी झाली असेल तरच पाणी द्या. पाणी बुंध्याशी, पानांवर नको. धोवनाचे पाणी चालते, मात्र त्यात मीठ किंवा साबण नसावा.

फूल गळले की जागेवर जोडीने बारीक शेंगा येतात. त्या पिवळसर झाल्या की आत काळे बारीक बी असते. शेंग तडकण्याआधी घ्या किंवा तशीच राहू द्या, ती आपणहून पेरते. स्वतः पेरणार असाल तर बी मातीने झाका, उजेडात उघडे राहिले तर नीट उगवत नाही. एकदा लागली की ती तीन-चार वर्षे सहज राहते. खाली लाकडासारखी होऊ लागली की पावसाळ्याच्या तोंडाला शेंडे थोडे कापावे, नवे फुटवे येतात. आम्ही अष्टमी-चतुर्दशीला कापत नाही आणि चातुर्मास सुरू होण्याआधी हे काम उरकतो. त्यामुळे झाडाचेही बिघडत नाही. पहिला पाऊस अंगावर घेऊन ते जोमाने फुटते.

तिच्या सोबतीला कण्हेर, जास्वंद, कोरांटी आणि बोगनवेल लावता येतात. सगळी उन्हाची, बहुतेक कमी पाण्याची. जास्वंदीवर कधी पांढरी कीड येते. तेव्हा नुसत्या पाण्याची धार हलक्या हाताने मारा, किंवा ती फांदी तेवढी सोडून द्या. चार फुले कमी आली तर काय बिघडले?

आणि एक कळकळीची सूचना. सदाफुलीची पाने मधुमेहावर चांगली म्हणून सकाळी चावून खाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कृपा करून असे करू नका. नोबल यांच्या उंदरांचे काय झाले ते वर लिहिले आहे. औषध डॉक्टरांच्या हातात मोजून दिले तर औषध, आपल्या मनाने घेतले तर विष. कण्हेर तर पाळामुळासकट विषारी आहे. लहान मुले असतील तिथे जपून.

बाई २००६ साली गेल्या. त्यांची पायरी आता सिमेंटची झाली, पण पहिल्याच पावसाळ्यात तिच्या फटीतून सदाफुली उगवली. कोणी लावली नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, फट मोठी होईल, काढून टाकू का?" मी म्हटले, "राहू दे. फट मी बुजवते बाजूने."

गल्लीतल्या त्या सुनेला मी काल बी दिले, छोट्या कागदात बांधून. तिने विचारले, "काकू, पैसे?" मी तिला पायरीवर बसवले आणि ही सगळी गोष्ट सांगितली. जाताना तिने ती पुडी पर्समध्ये न टाकता मुठीत धरून नेली.